ब्रेक नसलेली होडी

तीर्थस्वरूप आत्यास,

तुला कागदावरूनच वाकून नमस्कार. समोर असतीस तरी सध्या वाकता आलं नसतं, कारण माझं उजवं पाऊल टम्म सुजलं आहे आणि ते स्टुलावर ठेवून मी हे लिहितो आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? (घालत नसशील तर हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, मजकूर खासगी आहे.) तू पाठवलेल्या स्थळाचा फोटो मिळाला. बाई चांगल्या दिसतात. "हो की नाही ते एकदाचं कळव, मी आता थकले" ही खालची ओळही मिळाली. कळवतो. पण आधी रविवारी नदीत काय झालं ते ऐक, कारण उत्तर त्यातच आहे. आत्या, अगं काय सांगू तुला, अजून मला एका जागी बसवत नाही!

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना वर्षातून एकदा स्टाफवर प्रेम करायची लहर येते. मागच्या खेपेला त्यांनी आम्हाला टायरचा कारखाना दाखवला होता. या वेळी म्हणाले, नदीवर जाऊ, स्वतः होडी वल्हवत खालच्या पुलापर्यंत जाऊ आणि तिथे जेवू. होडीत आम्ही चौघं. मालक, क्लचकाका (आमचे सगळ्यात जुने शिक्षक, जेवतानासुद्धा टेबलाखाली त्यांचा डावा पाय वरखाली होत असतो), मी आणि सिग्नलबाई. सिग्नलबाई म्हणजे शिकाऊ मंडळींना वाहतुकीच्या खुणा शिकवणाऱ्या आमच्या बाई. त्यांच्या वर्गात फळ्याशेजारी एक खिळा आहे आणि सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या त्याच खिळ्याला टांगलेल्या असतात. त्यामुळे किल्ली घ्यायला, ठेवायला आणि चुकीची नेली म्हणून बदलायला मला त्यांच्या वर्गात जावं लागतं. (चुकीची किल्ली मी फार वेळा नेतो. तू हुशार आहेस, जास्त लिहीत नाही.)

आता आमच्या धंद्याची गंमत अशी की आम्ही कोणीच गाडी चालवत नाही. आम्ही चालवणाऱ्याच्या शेजारी बसतो, तोंडाने शिकवतो आणि पायाखालचा जादा ब्रेक दाबतो. होडीत तेच झालं. चौघांच्या हातांत वल्ही, पण वल्हवणार कोण? प्रत्येक जण दुसऱ्याला शिकवतोय. मालक म्हणतात मागचं बघून घ्या, क्लचकाका म्हणतात अलगद, अलगद, झटका नको, आणि मी सगळ्यांना डावीकडे ठेवा म्हणून सांगतोय. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. भाड्याने होडी देणारा माणूस काठावर उभा राहून पोट धरून हसत होता. एकट्या सिग्नलबाई तेवढ्या शांत होत्या. वळणाच्या वेळी त्या नियमाप्रमाणे हात बाहेर काढून मागच्या बदकांना इशारा देत होत्या. मी ते बघत बसलो आणि माझं वल्हं पाण्यात पडलं.

शेवटी प्रवाहानेच आमची दया येऊन आम्हाला पुढे नेलं. निम्मं अंतर गेलो असू, तेवढ्यात आभाळ एकदम काळंठिक्कर झालं. वारा असा सुटला की मालकांची टोपी आमच्याआधी पुलाकडे रवाना झाली. मग गारा! लाइफ जॅकेटवर नुसता ताशा वाजत होता. आणि समोर, आत्या, पाण्यातून वर आलेला हा एवढा मोठा खडक! होडी सरळ त्याच्यावर. अशा वेळी शहाणा माणूस वल्हं मारतो. आम्ही चौघांनी काय केलं असेल? जोरात ब्रेक दाबला! होडीला ब्रेक नसतो हे डोक्याला माहीत होतं गं, पायांना नव्हतं. त्यातला माझा ब्रेक सगळ्यांत जबरदस्त. (मी बढाई मारत नाही, पुरावा आहे.) तळाची जुनाट फळी कडाडून मोडली आणि माझा पाय पोटरीपर्यंत थेट नदीत गेला.

आता गंमत बघ. फळीतलं भोक माझ्या पोटरीने असं गच्च बसलं की आत पाणीच येईना. मालक ओरडले, पाय काढलात तर याद राखा! तेव्हा मी बूच होऊन बसलो. आणि सिग्नलबाईंनी वल्हं हातात घेतलं. खडक हातभर अंतरावरून चुकवला, वाऱ्याला अंगावर घेत त्यांनी होडी काठाकडे वळवली. इतकी वर्षं मी लोकांच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसतोय. पहिल्यांदाच पायाखाली काही नव्हतं, नुसतं गार पाणी, आणि माझा जीव पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मजा वाटली. मी हूं की चूं केलं नाही. असाच पुलापर्यंत, त्याच्याही पुढे कुठवरही जावं असं वाटलं.

काठावरच्या शेडमध्ये गारा थांबेपर्यंत बसलो. डबे भिजले होते. बाईंनी आपल्या रुमालाने माझा पाय बांधला आणि म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसून काही शिकवलं नाहीत." मी म्हटलं, "यापुढेही असाच बसेन, चालेल का?" त्यांनी रुमालाची गाठ आणखी आवळली आणि म्हणाल्या, "आधी घरचं मोठं कोणी येऊन बोलू दे." क्लचकाकांनी तोंड फिरवलं, पण त्यांचा डावा पाय आनंदाने हलत होता.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप.

तुझा बऱ्याच अंशी आज्ञाधारक भाचा

ता. क. फोटोतल्या बाईंना नकार कळव, पण गोड शब्दांत. त्यांची काही चूक नाही.

ता. क. मुख्य काम राहिलंच. माझ्या बाजूचं मोठं माणूस म्हणजे तूच. येत्या रविवारी येशील का? सिग्नलबाईंच्या वडिलांशी बोलायचं आहे. नाही म्हणू नकोस, मी पाया पडतो. (सूज उतरल्यावर.)

ता. क. आत्या, नमस्कार. मी सिग्नलबाई. पाय दुखतो म्हणून पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, तेही उघडंच, म्हणून वाचलं. दोन दुरुस्त्या करते. ते गप्प बसले नव्हते. काठ लागेपर्यंत "डावीकडे घ्या" म्हणून ओरडत होते, फक्त वाऱ्यामुळे मला ते ऐकू आलं नाही, ते नंतर क्लचकाकांकडून कळलं. आणि फळी त्यांच्या एकट्याच्या जोराने मोडली नाही. ब्रेक मीही दाबला होता, जीव खाऊन, पण माझ्या पायाखाली त्यांचा पाय होता. सूज त्याचीच आहे. हे त्यांना अजून माहीत नाही. रविवारी नक्की या, सांगायला कोणीतरी मोठं बरोबर असलेलं बरं. न्यायला मी गाडी घेऊन येते, त्यांना मागच्या सीटवर बसवू.