फर्माईश कुणातर्फे?

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून आपण पर्मनंट. डीजे नव, मुक्काम हॉटेल घाटतोंड, परमिट रूम आणि फॅमिली गार्डन. धारूरच्या अलीकडे रस्ता घाटाला लागतो तिथंच हॉटेल आहे. दहा वर्षं लग्नांच्या ट्रकवर उभं राहून कानांची वाट लावून घेतली. दहा वाजले की पोलीस येणार, वायर काढायला लावणार आणि वऱ्हाडी पोलिसांना सोडून माझ्यावर डाफरणार. इथं डोक्यावर छप्पर आहे, बसायला खुर्ची आहे, पंखासुद्धा आहे. स्वर्ग म्हणतात तो हाच असावा.

मालक अर्जुनराव. पांढरी विजार, तोंडात सुपारी. मला वाटलं गाण्यांबद्दल काही विचारतील. कसलं काय. नाव विचारलं, नवनाथ सांगितलं. मग आडनाव, मग गाव, मग गावात वस्ती कुठली, शेवटी आजोबांचं नाव. कचरू म्हणालो तर लई खूश झाले आणि साउंड टेस्ट न ऐकताच कामाला लाग म्हणाले. आडनावावरून माणूस मोजणारे लोक मला नवे नाहीत. आवाज चढवला की सगळे सारखेच नाचतात.

भाकऱ्या करायला सिंधुबाई आहेत. पन्नाशीच्या, विधवा. एकुलती एक लेक दिपाली अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, हे त्यांनी पहिल्या भाकरीबरोबरच सांगून टाकलं. मला बघून म्हणाल्या, एवढाल्या पेट्या वाजवितोस आन् अंगात कावून काय न्हाई? आणि तिसरी भाकरी वाढली. या बाईशी आपलं जमणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तीन दिवसांत गिऱ्हाइकं पाठ झाली. एक मास्तर येतो, त्याला एकच रडकं गाणं सात वेळा लागतं. गेवराईकडचे ट्रॅक्टरवाले येतात, त्यांना फक्त बेस पाहिजे. गाणं कुठलं का असेना, ग्लासातलं पाणी हललं पाहिजे.

फर्माईश इथं चिठ्ठीवर येते. ऑर्केस्ट्रात असते तशीच रीत: वर गाणं, खाली कुणासाठी आणि कुणातर्फे. मी ते माइकवर मोठ्यानं वाचतो आणि मग बटण दाबतो. पठ्ठ्यांना गाण्यापेक्षा आपलं नाव ऐकण्यातच नशा जास्त. काल एकानं सरपंचासाठी म्हणून गाणं मागितलं, पाच मिनिटांत दोघांचं वाजलं, लगेच येऊन म्हणाला खोड ते नाव, माझं स्वतःचं टाक. टाकलं. ज्याची फर्माईश, त्याला नाव बदलायचा हक्क आहे. दुसऱ्या कुणाला नाही.

निनावी चिठ्ठ्याही येतात. त्या मी ‘तुमच्या लाडक्या डीजे नवतर्फे’ म्हणून वाचतो. त्यानं भांडणं होत नाहीत आणि आपली जाहिरात होते. लग्नांमध्येही हेच करायचो.

रविवार, ९ नोव्हेंबर

काल रात्री काउंटरवर एक चिठ्ठी सापडली. कुणी ठेवली ते दिसलं नाही. जुना पिवळट कागद, वर लिहिलेलं: नुसती हलगी. खाली: मोहनराव, धर्मापुरी. कुणातर्फे, ते कोरं. मी जोरात वाचलं, ‘मोहनरावांसाठी, डीजे नवतर्फे!’ कोपऱ्यातले एक मुकादम हात वर करून उठले. माझ्यासाठी आजवर कुणी गाणं लावलं न्हाई म्हणाले, आणि डोळे पुसले. खरंच पुसले. हलगी सुरू असताना ते दारात जाऊन घाटाकडे बघत उभे राहिले, कुणी हाक मारल्यावर बघतो तसे. मग गेले. गाडी इथंच राहिली.

सकाळी घाटाच्या तिसऱ्या वळणावर, कठड्यावर बसलेले सापडले. मेलेले. अंगावर ओरखडासुद्धा नाही. चपला काढून शेजारी नीट लावून ठेवलेल्या. हार्ट अटॅक म्हणतात. वाईट वाटलं. दिवसभर तोंडाला चव नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

परत झालं.

काल तसाच कागद. नुसती हलगी. सोमेश्वर, तलवाडा. कुणातर्फे, ते कोरं. मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला लिहू. पण मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे, भुताखेतांना घाबरायला मला लाज वाटते. म्हणून मुद्दाम, नेहमीपेक्षा जोरात वाचलं. माझ्यातर्फे.

सोमेश्वर म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांतला पोरगेला ड्रायव्हर, ज्याला बेस लागायचा. हसत होता. हलगी लागली तशी मान घाटाकडे वळली. मी बघत होतो. मी माइकवरून ओरडलो की अरे बस खाली. त्यानं हात हलवला. येतो म्हणाला. मला नाही, बाहेर कुणाला तरी.

तिसरं वळण. कठडा. बूट काढून लावलेले, मोजे त्यात घडी करून. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शहादेव इथले सगळ्यात जुने वेटर. त्यांना मोरीपाशी गाठलं. आधी न्हाई बा, मला काय ठाव न्हाई, असं चाललं होतं. मग बोलले. चिठ्ठ्या हॉटेल बांधल्यापासून येतात. आधीच्या डीजेनंही वाचल्या, त्याच्या आधीच्यानंही. दोघं सोडून गेले. कुठं गेले ते शहादेवांनी सांगितलं नाही.

तसाच अर्जुनरावांकडे गेलो. त्यांनी सुपारी कातरता कातरता सगळं कबूल केलं. घाट जुना हाय, त्याला वरसाला दोन-चार माणसं लागत्यात, चिठ्ठी वाचली की वाटंवरची बाकीची वाचत्यात, आपलं हॉटेल बी नीट चालतंय. मी विचारलं, मग तुम्हीच का वाचत नाही? तर म्हणाले, सांगावा द्यायचं काम तुमच्या लोकांचं, म्हणून तर आजाचं नाव इचारून घेतलं.

हे इथं नीट लिहून ठेवतो. माझे आजोबा कचरू गावात कुणी मेलं की उन्हातान्हात, अनवाणी, दहा-दहा कोस दुसऱ्या गावाला सांगावा घेऊन जायचे. कुणी मेल्याचा सांगावा. उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं आणि तहानेलं परत यायचं. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी चावडीवर जाऊन सांगितलं, आजपासून तुमचं मयत तुम्ही कळवा. गावानं पाणी तोडलं, वाट अडवली. ते परत कधी सांगावा घेऊन गेले नाहीत.

आणि मी, त्यांचा नातू, माइकवर हौसेनं तेच काम करत होतो. स्वतःचं नाव लावून!

अर्जुनरावांना सांगितलं, एकही चिठ्ठी वाचणार नाही. ते म्हणाले, बघू की.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चिठ्ठी आली. नुसती हलगी. सिंधुबाई.

फाडली. भट्टीत टाकली. मग माइक घेऊन भर हॉटेलात म्हणालो, जो कुणी चोरून चिठ्ठ्या ठेवतोय त्यानं समोर यावं. स्वतःचं नाव लिहायची ज्याची हिंमत नाही, त्याची फर्माईश डीजे नव वाजवत नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असेल, रंगात आलोय.

बाहेर घाटाकडून कसलाच आवाज नव्हता. रातकिडेसुद्धा गप्प.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी चिठ्ठी उशाशी होती. तीच. या वेळी शेवटची ओळ भरलेली. डीजे नवतर्फे.

अक्षर माझं आहे. ‘ड’ला मी वेलांटीचा फटका मारतो तसाच मारलाय. मी लिहिलेलं नाही. या वहीशी ताडून पाहिलं. माझंच आहे.

सिंधुबाईंना काही सांगितलं नव्हतं. दुपारी त्या भाकरी तव्यावर टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चपला उंबऱ्याशी काढलेल्या, शेजारी शेजारी. भाकरी जळून कोळसा झाली. मी हात धरला तर म्हणाल्या, कोन बोलवितंय रे लेकरा, तूच बोलविलंस ना?

मी नाही. मी नाही बोलावलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

त्यांना घेऊन अंबाजोगाईला निघालो, दिपालीकडं. घाटातून जाणारी पहिलीच जीप मिळाली. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला सिंधुबाईंनी चालत्या जीपचा दरवाजा उघडला.

धरलं. दोन्ही हातांनी कमरेला धरलं. एवढीशी बाई, पण मला अर्धा बाहेर ओढलं. ड्रायव्हर घाबरला, गाडी मागे वळवली. हॉटेलात आल्यावर त्या शुद्धीवर आल्या. मला ओरबाडल्याचं बघून रडल्या, हळद लावली.

न वाचूनही चालू आहे. वाचणं-न वाचणं हा प्रश्न कधी नव्हताच — परत आल्यापासून विचार करतोय — दोन वेळा मीच माझं नाव दिलं. ‘डीजे नवतर्फे’. घाटात जे कुणी आहे त्याला पाठवणारा हवा होता, मी आयता मिळालो. म्हणजे ही फर्माईश आता माझी.

माझी असेल तर नाव बदलायचा हक्क माझा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

दिपालीला फोन करून बोलावून घेतलं. ती ड्रायव्हरसकट भाड्याची जीप घेऊन आलीय. सिंधुबाई मागच्या सीटवर, लेकीनं त्यांना ओढणीनं स्वतःशी बांधून घेतलंय. मी वाचलं की निघायचं, आधी नाही. दिपाली फार प्रश्न विचारत नाही. शहाणी पोरगी.

अर्जुनराव आडवे आले. त्यांना म्हणालो, तुमच्या घाटाला माणसं हवीत तर तुमच्या घरातली नावं द्या. शहादेवांनी मालकाचा हात धरून बाजूला नेलं.

मंगळवार, सात वाजता

हॉटेल रिकामं. सगळे टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, फुल केले.

वाचलं — ‘सिंधुबाईंचं नाव खोडलंय. ही फर्माईश डीजे नवतर्फे, डीजे नवसाठी. सांगावा मी कुणाला देणार नाही. माझा मला मीच देतो. ज्याला न्यायचंय त्यानं इथं आत यायचं, मी बाहेर येणार नाही.’

हलगी नाही लावली. जयंतीचं गाणं लावलं. बेस असा की बाटल्या नाचतायत.

जीप निघाली.

सात वीस

दिपालीचा फोन. तिसरं वळण ओलांडलं. आई झोपलीय, घोरतेय म्हणाली. मी खुर्चीवर बसून लहान पोरासारखा रडलो. जिंकलो.

सात तीस

गाणं बंद पडलं. वीज आहे, लॅपटॉप चालू आहे, स्क्रीनवर गाण्याची पट्टी हलतेय. फक्त ऐकू येत नाही. हलगी ऐकू येतेय. लॅपटॉपमधून नाही. रस्त्यावरून.

हात आपोआप बूट काढायला गेले. परत घातले. नाडीची दुहेरी गाठ मारली, वर चिकटपट्टी गुंडाळली. काढ आता.

खुर्चीला पट्ट्यानं बांधून घेतलंय. भीती वाटते. लई भीती वाटते. पण उठणार नाही —

पार्किंगमध्ये हलगी थांबली —

दारात आहे. आत येत नाही. हाक मारतो. आवाज माझाच, माइकवरचा. नवसाठी, नवतर्फे, म्हणतो. खुर्ची सरकतेय, पट्टा करकरतोय — मी बोललो, मोठ्यानं — आत ये. यायचंच असेल तर नाव सांगून ये. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोलवलंस —

आत आला. उंबऱ्याच्या आत. दिवे गेले. मोबाइलच्या उजेडात लिहितोय. माइक चालू ठेवलाय, घाटापर्यंत ऐकू जाऊ दे —

परत विचारलं. कोण तू?

सांगतोय — सांगावं लागतंय त्याला — लिहून ठेवतो, पुढच्यानं वाचावं — त्याचं नाव