धाकटीच्या नसांवरचं आवरण

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे सांगायचं आहे ते तुलाच. मध्यंतरी तुझ्या धाकट्या लेकीच्या पायांतली ताकद गेली होती. मेंदूकडून निरोप नेणाऱ्या तंतूंवर पातळ आवरण असतं, ते जागोजागी खराब झालं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. आता ती काठीशिवाय चालते, वर्गात उभी राहून शिकवते. पण पुन्हा असं झालं तर ते आवरण भरून येईल का, हा प्रश्न तिच्या मनातून जात नाही.

मी जळगावात पेपरात रोज लिहितो, म्हणून उत्तर शोधायचं काम माझ्याकडे आलं. हे आवरण घालणाऱ्या पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत असतात. मला वाटायचं, सगळ्या एकाच साच्यातल्या. तशा नाहीत. कुणी तंतूवर लांब आवरण घालते, कुणी आखूड. कुणी एखादा जाड तंतू धरते, कुणी एकाच वेळी अनेक बारीक. काही तर अजून पुरत्या तयारही झालेल्या नसतात.

वाचता वाचता आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस समोर येतो. अंगणात चुलीवर उपडं खापर आहे, गल्लीतल्या बायका पुरणाचे मांडे करताहेत. तुझा मांडा हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरतो. काकूचा लहान, जाडसर, पोरांना आवडणारा. तू पाणी आणायला आत जातेस आणि मी भुकेच्या घाईत काकूला तुझ्या मोठ्या खापराशी बसवतो. तिनं तुझ्यासारखा ताणला आणि तो मधोमध फाटला. पुरण सांडून करपलं. तू बाहेर आलीस तशी काकू म्हणाली, तुमचा पोरगा मुकादम झाला. तू हसू दाबत मला एवढंच म्हणालीस, "बठ्ठा हात सारखा नई ऱ्हातस."

परवा धाकटीला त्या पेशींबद्दल सगळं सांगितलं, सगळे हात सारखे नसतात हे तुझं म्हणणंही. तिनं विचारलं, "मग माझ्या वाट्याला कोणत्या आल्यात?"

म्हटलं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. कोणत्या पेशी आवरण चांगलं भरून काढतात, याचा शोध चालू आहे.

"कामचुकार नसल्या म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि चहाचे दोन्ही कप स्वतः घेऊन आली. एक थेंब सांडला नाही. मला फार बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. आणि खरं सांगू का, तू असतीस तर यातलं एक अक्षर तुझ्या कानावर येऊ दिलं नसतं. पाय मुरगळलाय, असं आम्ही दोघांनी ठरवून सांगितलं असतं.