बाबा कोणत्या बाजूने येतात

पुणे, ३ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि. सोबत माझी मंगा, म्हणजे जपानी वळणाची चित्रकथा, पाठवतेय. ओढ्याच्या पुरात बाबा गेले त्या दिवसाची आहे. मासिकाच्या संपादकांना मी विचारलं, चकलांब्याच्या मेंढपाळाच्या गोष्टीला मंगा म्हणतील का? ते म्हणाले, काहीजण म्हणतील की जपानातली तेवढीच मंगा. पण काळी शाई आणि एकेका क्षणापाशी रेंगाळणाऱ्या चौकटी, हे तुझ्या चित्रांत आहे. ते छापणार आहेत! शब्द एकही नाही, त्यामुळे आजीलाही दाखव.
लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी वैष्णवी

चकलांबा, १२ ऑगस्ट

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद. पुस्तक पोचलं. तू त्यांना परत आणलंस गं! आधी नुसतं पाणी, मग त्यातून वर आलेला हात, मग मेंढरं, आणि शेवटी ते आपल्या दारात. वाटेत पाठमोरेच काढलेस, चेहरा जमला नाही वाटतं! दारात माझ्या हातात भाकरीचं फडकं दिसतंय. न खाताच परत आणली असणार, त्यांची खोडच ती. तुझ्या आजी, छबुबाई, पुस्तक खाली ठेवत नाहीत. अस्संच छापून येऊ दे.
तुझी आई, मनकर्णा

पुणे, २० ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. आई, सांगायचं राहिलं. मंगा उजवीकडून वाचतात. आपलं शेवटचं पान तिचं पहिलं. तू भाकरी बांधून देतेस, बाबा निघतात, आणि शेवटी पाणी. आपल्या बाजूने छापा म्हणून मी संपादकांना विनवलं. ते म्हणाले, आमच्या मंगा अंकात सगळंच उजवीकडून. आणि गोष्ट तर तूच तशी काढलीस. तू नको म्हणालीस तर मी परत मागवते.
वैष्णवी

चकलांबा, १ सप्टेंबर

चि. वैष्णवीस,
आशीर्वाद. तुझ्या बाजूने एकदा बघितलं. पुन्हा बघवलं नाही. भाकरी मीच बांधून दिली होती, हे कसं विसरले मी? तू छाप, तुझी मेहनत हाय.
सासूबाईंना मात्र सांगितलं नाही, माझी जीभ रेटत नाही. रोज पुस्तक मागतात, मी आपल्या बाजूने उघडून देते. दाराचं पान आलं की म्हणतात, मनकर्णे, अशी का उभी हाईस, माझा धुळाजी आलाय, पाणी दे त्याला.
मी उठते आणि तांब्या भरून दारात ठेवते.
माया असू दे.
तुझी आई