आमोण्याच्या पाहुण्यांना कोण सांगणार?

तीर्थस्वरूप पद्मावती मावशीस,

सेजलनं माझा रुमाल घेऊन आपले डोळे पुसले, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. कुठल्या बाजूनं बदललं ते कळायला मात्र वेळ लागला. पण आधी रीतीनं: हरमलहून गौरेशचा साष्टांग दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? काकांची साखर? (रक्तातली म्हणतो, चहातली त्यांनी सोडली नसणारच.) आमच्याकडे सगळे जिवंत आहेत, याहून जास्त लिहवत नाही. मोबाइल बघून माझे डोळे आणखी बिघडतील, असं म्हणून आईनं तो तांदळाच्या डब्यात दडवला आहे, म्हणून हा कागद.

सेजल म्हणजे आमच्या वाटेवरच्या दुकानवाल्या गुरुदासकाकांची मुलगी. आम्ही एका बसनं कॉलेजला जायचो. सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, बस सोडायला जमलं नाही. तिला बघायला आमोण्याहून मुलगा येणार हे ऐकलं त्या दिवशी मी पोटभर रडलो, आणि सकाळी उठतो तर पापण्या चिकटलेल्या. मला वाटलं, अश्रूंचं मीठ. आई म्हणाली, भाड्याच्या स्कूटरी हेल्मेटच्या काचेशिवाय पळवतोस, वाळू गेली. आणि पाण्याचे हबके मारले. बाबांनी डोळे न बघताच तोंडाचा वास घेतला (बीचवरच्या शॅकांबद्दल त्यांचं मत तुला ठाऊक आहे). शेजारच्या विनिताकाकूंनी पापणी उलटी करून रांजणवाडी शोधली, आणि मिळाली नाही म्हणून माझ्यावरच नाराज झाल्या. शेवटी पेडण्याचे डॉक्टर. खाज येते का? फारशी नाही. मग ॲलर्जी नव्हे. एकाच डोळ्यात टोचतं का? नाही, दोन्ही चुरचुरतात. मग कचरा नव्हे. सकाळी पिवळी घाण येते? येते. तर म्हणे साथीचे डोळे आलेत, रुमाल, अंग पुसायचा तुवालो, उशी सगळं वेगळं ठेव. मी म्हटलं, डॉक्टर, हे दुःखानं झालंय. मान वर न करता ते म्हणाले, "दुःखानं पापण्या चिकटत नाहीत." असल्या माणसाचं औषध मी घेणार? चिठ्ठी टेबलावरच टाकली आणि थेट सेजलकडे गेलो.

ओला रुमाल तिच्यापुढे केला. तिनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं, तिचेही भरून आले, आणि तिनं ते माझ्याच रुमालानं पुसले. मावशी, त्या दिवशी मी स्कूटर घरापर्यंत ढकलत आणली, पेट्रोल असून.

पाहुणे आले तोवर तिचे डोळे लालबुंद. गुरुदासकाकांनी तिला काळा चष्मा लावून पोह्यांची बशी हातात दिली. (आई मदतीला गेली होती, तिनं हे सांगितलं.) मुलाच्या आत्याला वाटलं, पोरीचा डोळा तिरका असणार, तिनं चष्मा काढायला लावला. काढला तर डोळ्यांतून धारा. आत्यानं बशी खाली ठेवली. "चेडू रडता. ह्येच्या मनात दुसरो कोण तरी आसा," म्हणाली, आणि मंडळी उठली. तो दुसरा कोण, यावर गावात अजून चर्चा चालली आहे. मला चर्चेची गरज नव्हती. मी तर केस कापून आलो.

काल सेजल आमच्या फाटकाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"माका तो आमोण्याचो आवडललो, गौरेश," ती म्हणाली. "त्येंका जावन सांग, मी रडत नव्हतंय."

आणि त्या दिवशी, रुमाल दिला तेव्हा? मी विचारलं. ती म्हणाली, तुझे तसले डोळे बघून कोणाच्याही डोळ्यांना पाणी आलं असतं. माझ्या प्रेमातलं तेवढंच तिला लागलं, मावशी, आणि तेही साथीचं निघालं. आता जगण्यात काय उरलं ते तूच कळव.

तुझा हतभागी,
गौरेश

ता. क. – चिठ्ठी परत मागून आणली, औषध मुकाट्यानं घालतो आहे. डॉक्टरांचं बरोबर होतं हे आईला सांगू नकोस.

ता. क. दुसरा – खरं काम हे. आमोणे तुझ्या डिचोलीहून जवळ, आणि तू डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. मी एकट्यानं जाऊन 'ती माझ्यासाठी रडत नव्हती' म्हटलं तर आत्या माझं तोंड बघूनच उलटं समजेल. तू चल. रडून लाल झालेले डोळे थोड्या वेळानं निवळतात, आलेले डोळे दिवस दिवस वाहतात, हे तुझ्या तोंडून पटेल. आई म्हणते, मुलानं हात-तोंड धुऊन गुरुदासकाकांच्याच घरचा तुवालो वापरला. त्याचेही डोळे आले असतील तर आत्याला एवढंच विचार, हा कोणासाठी रडतो?

ता. क. तिसरा – डिचोलीला जाणाऱ्या विठूची गाडी फाटकाशी आली. पत्र त्याच्या हाती पाठवणार होतो, आता मीच घेऊन येतो. लांबच बसेन, तुवालो माझा घेतला आहे. आई विचारते, कुठे चाललास? सेजलचं लग्न जुळवायला, हे तोंडातून निघेना. ही ओळ पायरीवर उभा राहून लिहितो आहे. दार मागून ओढून घेतलं.