आईंसाठी कोंबडीची पेज

आंदोंग, गुरुवार सकाळ

प्रिय यॉन-सुक,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या फुलवालीकडून लिहून घेतला. फसवलं म्हणून रागाव हवं तर. पण उघडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. तीन आठवडे तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज वाचत नाहीस. पोस्टमनला मात्र तू थांबवू शकत नाहीस.

तुझ्या दादानं, ब्योंग-गूनं, तुला सांगितलं असेल की मी आईंना हॉस्पिटलातून पळवून आणलं. (पूर्वी मी ‘तुझे दादा’ म्हणायचे. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, आता मला जमेल तसंच लिहिणार.) चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईंना पळवायचं म्हटलं तरी कसं, ते त्याला विचार. त्या स्वतःच्या पायांनी बाहेर पडल्या. दारापर्यंत अठ्ठावीस पावलं होती, मध्ये दोनदा थांबल्या, आणि डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदावर सही त्यांनी स्वतः केली. डॉक्टर चांगले होते. आज कोणता वार, कुठे आहात, घरी गेल्यावर काय होऊ शकतं, सगळं त्यांनी दोन-दोनदा विचारलं. ‘आजी, एक घास जरी चुकून फुप्फुसात गेला तरी जिवावर बेतेल,’ असंही स्पष्ट सांगितलं. आई म्हणाल्या, ‘तुमच्या नळीनं मी काय शंभर वर्षं जगणार आहे?’

ती नळी तू पाहिली नाहीस. मी पाहिली. आईंचं गिळणं कमी झालं, तशी नाकातून पोटात नळी घातली. त्यांनी ती दोनदा ओढून काढली, तेव्हा हातांना जाड मोजे चढवून मनगटं पलंगाला बांधली. तुझ्या दादाची सही होती त्यावर. त्याला मी राक्षस म्हणत नाही. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो नेहमी कुठेतरी सही करून मोकळा होतो. मी आठवड्यातून एकदा जायचे, शिवणकामाचं दुकान बंद करून, कुणाला न सांगता. मनगटं बांधलेली पाहिली त्या दिवशी आई माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘ग्वी-रे, मला घरी ने.’ मी विचारलं, कुठल्या घरी? तर म्हणाल्या, ‘कुठल्या म्हणून काय विचारतेस? ब्योंग-गूच्या घरात मोरी शोधायला नकाशा लागतो. तुझ्या खोलीत चार पावलांवर आहे.’

हे वाचून तू थबकली असशील, कारण माझी खोली आईंनी पाहिलीय हेच तुला माहीत नाही. आता सांगते. अकरा वर्षं मी गप्प होते, कारण त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं.

कोर्टाचं काम संपलं त्या आठवड्यात मी जुन्या बाजारामागची ही जागा घेतली. पुढे दुकान, मागे खोली. तुला आठवत असेल, सगळ्या नातेवाइकांसमोर आई मला काय म्हणाल्या होत्या. नवऱ्याला घरात धरून ठेवता आलं नाही ती बाई कसली, असं. दुसरी बाई त्यानं केली आणि बोल मी ऐकले. तूही तिथेच बसली होतीस. मान खाली घालून, पण बसली होतीस. तर त्यानंतर बाराव्या दिवशी, भर उन्हाळ्यात, दारात आई. एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात तांदळाची पुरचुंडी. मला वाटलं, अजून काही बोलायचं राहिलं असेल. पण त्या सरळ आत आल्या, पातेलं उचललं, बोटानं तळ वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘हे पातळ आहे, लागेल.’ कोंबडी धुतली, पोटातली चरबी खरवडून काढली, लसूण, आलं, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग घालून चढवली. मी आठ दिवस धड जेवले नव्हते. पेज झाली, त्यांनी वाटी माझ्यासमोर ठेवली आणि मी संपवेपर्यंत भिंतीकडे बघत बसल्या. माफी मागितली नाही. मीही मागितली नाही, कारण माझं काही चुकलंच नव्हतं. जाताना म्हणाल्या, ‘यॉन-सुकला बोलू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही.’ पुढच्या खेपेला जड बुडाचं पातेलं घेऊन आल्या. त्यानंतर दर उन्हाळ्यात यायच्या, कधी हिवाळ्यातही. तुला सांगायच्या की गुडघ्याला सुया टोचून घ्यायला जाते.

तर आता त्यांना मी आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्या जड पातेल्यात कोंबडी चढवली. बाजारातल्या सॉ काकांना म्हटलं, लहान द्या, कोवळी. ते म्हणाले, ‘कुणासाठी?’ मी म्हटलं, सासूबाईंसाठी. त्यांना सगळं माहीत आहे, या बाजारात कुणाला माहीत नाही? त्यांनी आणखी एक कोंबडी पिशवीत टाकली आणि म्हणाले, ‘हाडं जास्त लागतात रश्शाला.’

कोंबडी तासभर मंद उकळली. वरचा फेस आणि तेल काढत राहिले. चिकट तांदूळ सकाळपासून भिजत घातले होते, ते थोड्या तिळाच्या तेलावर परतले, मग पळी पळीनं रस्सा घालत ढवळत बसले. मांस केसाएवढं बारीक सोडवलं. रंग दिसावा म्हणून गाजर किसत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, ‘आजारी माणसाच्या वाटीत नटवायचं काय असतं?’ डोळे मिटलेले होते ग! किसणीच्या आवाजावरून ओळखलं. गाजर मी खाल्लं.

पहिल्या दिवशी तीन चमचे. दुसऱ्या दिवशी पाच, आणि सहाव्या चमच्याला ठसका लागला. यॉन-सुक, तो ठसका मी विसरणार नाही. चेहरा निळा पडला, डोळे बाहेर. मी त्यांना पुढे वाकवून पाठीत थापा मारत होते आणि मनात म्हणत होते, झालं, ब्योंग-गू बरोबर होता, मी मारलं यांना. मग तो कण बाहेर पडला. दोघी जमिनीवर बसून धापा टाकत होतो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, ‘मारायचंच होतं तर जरा मीठ तरी जास्त घालायचंस.’ मी रडत होते आणि हसतही होते. त्या दिवसापासून मी पेज चाळणीतून गाळते, त्यांना ताठ बसवते, हनुवटी छातीकडे घ्यायला लावते. आरोग्य केंद्रातल्या चॉन नर्सनी शिकवलं. त्या दर मंगळवारी येतात. पंधराव्या दिवशी आईंनी पूर्ण वाटी संपवली, वर मुळ्याच्या लोणच्याचं आंबट पाणी मागून घेतलं आणि मुळा कोवळा नाही म्हणून मला झापलं. तशी बोलणी खाऊन इतका आनंद मला तेहतीस वर्षांत झाला नव्हता.

त्याच दुपारी तुझा दादा आला. बूट न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि ओरडला, ‘तू कोण लागतेस तिची? कागदावर तू कुणीही नाहीस!’ दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी शिवायला आणलेली पँट तिथेच टाकून काढता पाय घेतला. मी हातातली कात्री खाली ठेवली, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको. म्हटलं, बरोबर आहे, कागदावर कुणी नाही. पण त्यांना दिवसातून पाच वेळा भरवते, कूस बदलते, धुते-पुसते. तुला ते करायचं असेल तर ये, बूट काढ, चमचा धर. मी बाजूला होते. तो आईंकडे बघायला लागला. आई म्हणाल्या, ‘ब्योंग-गू, जेवलास का?’ बस, एवढंच. त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तो निघून गेला. पायरीवर बसून रडत होता, असं फुलवाली सांगते. मी बघायला गेले नाही. मला त्याची दया येऊ द्यायची नव्हती, अजून नाही.

नातेवाईक म्हणताहेत, ही बाई घरासाठी करते. कुठलं घर? ते केव्हाच त्याच्या नावावर आहे, तुला ठाऊक आहे. काही म्हणतात, पुण्य जोडते. मला पुण्य नको. त्या माझ्याशी वाईटही वागल्या आहेत, लग्नानंतरची पहिली दहा वर्षं तर मी मोजायचंही टाळते. मी हे करते कारण मला करायचं आहे. तू पंधरा वर्षांची असताना रुसून माझ्या अंथरुणात येऊन झोपायचीस, तेव्हा आई दाराबाहेर तुझी वाटी ठेवून जायच्या आणि मी ठेवली असं मला खोटं सांगायला लावायच्या. त्यांना प्रेम करायची लाज वाटायची. मला नाही वाटत. कुणी मला विचारलं, कायद्यानं तुटलेल्या नात्यासाठी कशाला, तर मी सांगते, कायद्यानं मला तुझ्या दादापासून सोडवलं. आईंपासून सोडव, असा अर्ज मी कधी केलाच नव्हता.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. सोमवारपासून आई पेज घेत नाहीत. वरचं पाणी दोन चमचे, कालपासून नुसते ओठ ओले. दुखत नाही. चॉन नर्स म्हणाल्या, आठवडा, किंवा त्याहून कमी. मी त्यांना बरं करायला आणलं नव्हतं, यॉन-सुक, हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांना स्वतःच्या तोंडानं खाऊन, स्वतःच्या जिभेनं मला शिव्या घालून जायचं होतं, आणि एकोणीस दिवस तसं झालं. मी हरले असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. आणि पुढचंही आत्ताच सांगून ठेवते. अंत्यविधीच्या हॉलवर घरच्या बायकांना शोकाचे कपडे मिळतात, आणि किती जोड हवेत हे तुझा दादा सांगणार. त्यात माझा नसेल. म्हणून परवा मी काळा पोशाख शिवला, केसांत लावायची पांढरी फीतही. मी सुनेच्या जागी उभी राहणार आहे, विधीचे तीनही दिवस, आलेल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत. मला तिथून हलवायचं असेल तर चौघांनी उचलावं लागेल. तुझ्याही मापाचा एक शिवला आहे. खांद्याचं माप जुनंच धरलंय, बदललं असेल तर इथे ठीक करू. पण ते नंतर. हे पत्र मी त्यासाठी नाही लिहिलं. काल दुपारी आईंनी डोळे उघडले, माझा हात चाचपला आणि म्हणाल्या, ‘यॉन-सुक, आलीस का?’ मी तुझ्या आवाजात ‘हो’ म्हटलं नाही. तेवढं एक मी करणार नाही. त्या अजून आहेत. शुद्धीवर आहेत. पत्र मिळेल त्याच दिवशी जी पहिली बस सुटेल ती पकड, आणि ते ‘हो’ तू स्वतः येऊन म्हण.

तुझीच वहिनी (हो, वहिनीच),
ग्वी-रे