माय आत, बाकीचे काठीपलीकडं

१९ मार्च २०२१
मायला बीडच्या दवाखान्यातून परळीला घरी आणलं. दमा जुनाच, इथल्या थर्मलच्या राखेचा. डॉक्टर म्हणले, कोरोना झाला तर हिला झेपणार न्हाई, घरात कुणाला घेऊ नका. घरात आमी दोघंच. म्हणजे नियम करायचा मीच. बारावी अर्धी सोडल्यापासून माझ्यावर कुणी काम म्हणून टाकलं नव्हतं.

२० मार्च
फाटकाला आडवी काठी बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी बाहेर पाण्याचा माठ, वर स्टीलचा गिलास. शेजारच्या काकू काठीपाशी येऊन म्हणल्या, "सम्या, कलेक्टर झाला की रं!"
माझा दोस्त पप्यानं तंबाखू मळून तळहात पुढं केला. नको म्हणलं.
"कावून बे? माझ्या हाताला काय झालं?"
रुसून गेला.

२३ मार्च
मायचा दम्याचा पंप आणायला गेलतो. चौकात राखेचा ट्रक कलंडलेला, सगळीकडं धुरळा, लई गर्दी. क्रेन येईपर्यंत थांबलो. पप्याबी होता. त्याच्या हातची चिमूट घेतली. मास्क खिशात. पंप आणायला उशीर.

२८ मार्च
शिरूर कासारहून आजोबा आले. मायचे वडील. न सांगता, चिंचेची पिशवी घेऊन. मी नेमका चौकातून येत होतो. काठी ओलांडून आत गेलो अन वळून म्हणलं, "आजोबा, तिथंच थांबा."
थांबले. माठाकडं बघितलं.
"हा गिलास कुणाचा?"
"बाहेरच्यांचा."
"आमच्या गावच्या हाटेलात मागं खुंटीला कप असायचा. आमच्या लोकांचा येगळा. च्या पिऊन आमीच इसळून ठिवायचा." मग म्हणले, "आता लेकीच्या दारात बी..."
"तसला न्हाई हो हा."
"ठावं हाय. तसला असता तर फोडला असता."
आतून माय, "दादा, आत या ना." मी हललो न्हाई.
"अन तू कुठून आला आत्ता?"
मी खिशातला मास्क काढून तोंडाला लावला.
"तू गावभर हिंडून तिच्या खाटंपाशी, अन मी हितं." पिशवी काठीला अडकवली, पाणी न पिता परतीच्या बसला गेले.
माय जेवली न्हाई.

२९ मार्च
गिलास उचलला. काठीबी सोडायला हात लावलता. न्हाई सोडली.
माझं अंथरूण अंगणात पत्र्याखाली आणलं. चूलबी बाहेर. मायचं ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरतो. माझ्या हातची भाकरी चिरते.
माय म्हणली, "आता सोताला वाळीत टाकलं का?"
हसली तरी.

२ एप्रिल
आजोबा फोन उचलत न्हाईत. पप्या आलता. तंबाखू नको म्हणलं, कावून तेबी सांगितलं. "लई शाना झाला," म्हणला. पण काठीपलीकडंच बसला. बराच वेळ.
मुक्कामाला कुठंतरी निघून जावं वाटतं. माजलगावचं धरण भरल्यावर बघितलंच न्हाई कधी. पण मग ताट कोण...

७ एप्रिल
भीमजयंती जवळ आली. दरसाली आजोबा आदल्या दिवशी येतात, माय खीर करते.
"अवंदा दादा आले तर मी बाहेर येणार. अडवून दाखव."
म्हणलं, अंगणाच्या दोन टोकांना दोन खाटा टाकतो. तोंड बांधून बसा.
"एवढ्या लांबून काय बोलायचं, भांडायचं का?"

१२ एप्रिल
आजोबांनी फोन उचलला.
"खोकती का?"
"कमी हाय."
"मला ती बोलावती का तू?"
"मी."
नुसता त्यांच्या शेरडांचा आवाज. मग "बघू."

१३ एप्रिल
सकाळीच खाटा टाकल्या. एक लिंबाखाली आजोबांना, एक दारापाशी मायला. बस चालू हायेत म्हणतात, कुणी न्हाईत म्हणतं. फोन केला न्हाई.
मी पाणी भरायला गेलो तेवढ्यात मायनं दारापाशीची खाट लिंबाकडं सरकवली. मागं घेतली. दुपारी परत सरकवली. परत मागं घेतली.
आत्ता बघतो तर पुन्हा पुढं हाय, अन माय तिच्यावर बसून फाटकाकडं बघतीय.