परत येण्याचं कारण

प्रिय ढब्बू,

फोनवर तू 'ताईडे' म्हणालास की मी विरघळते आणि जे बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसलेय. शाळा उघडायला बारा दिवस उरलेत, मशीनशेजारी गणवेशांचा हा ढीग पडलाय. शिकायला येणाऱ्या दोघी मुलींना काज-बटणं करायला बसवलंय, म्हणजे तासभर माझी सुटका.

तर आधी व्हिसाचं सांगते. तू पाठवलेलं पाकीट मिळालं. माझा पासपोर्ट अजून चार वर्षं चालतो, ते एक बरं झालं. फोटो मात्र तीनदा काढावा लागला. पहिल्यात कान झाकलेले, दुसऱ्यात मी हसले होते. हसलेलं चालत नाही म्हणे! तिसऱ्यात अशी दिसतेय, की मला कुणी देशात काय, दारातही उभं करणार नाही. तुझ्या लेकीला दाखवू नकोस, घाबरेल बिचारी. दीड महिन्याची झाली ना आता? तिला मांडीवर घ्यायला माझे हात कसे शिवशिवताहेत, ते तुला सांगून कळायचं नाही. चार झबली शिवून ठेवलीत. तुझ्यावर गेली असेल तर पुरायची नाहीत, म्हणून जरा मोठीच बेतलीत.

कचेरीच्या कोपऱ्यावर व्हिसाचे फॉर्म भरून देणारे एक गृहस्थ बसतात. निवृत्त कारकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शिस्त माझ्याहून कडक. त्यांनी समजावलं, की पाहुणी म्हणून जायचं तर तिथं कशाला जाताय हा खरा प्रश्न नसतोच. परत कशासाठी याल, हा असतो, आणि त्याचे पुरावे लागतात. मग सुरू झाले एकेक रकाने. नवरा? नाही. मुलं? नाही. नोकरी? घरीच शिवते, त्याचा दाखला मला कोण देणार? दर रकान्याला त्यांचा आवाज आणखी हळू होत गेला आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. अरे, बाबा आधीच गेलेले, आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी चोवीसची. स्थळं येत होती. तुला कुणाच्या भरवशावर सोडू, म्हणून एकेकाला नकार कळवला. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरंच नाही. पण ते फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहू?

शेवटी त्यांनी विचारलं, स्वतःचं घर तरी आहे का. मी ताठ मानेनं सांगितलं, आहे की, बाबांनी आम्हा दोघा भावंडांच्या नावावर ठेवलंय. त्यांचा चेहरा उजळला. आता सगळी भिस्त या घरावरच, असं म्हणाले.

न वाचता एकही कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा नियम. तुझ्या पाकिटातले सगळे वाचत गेले. तुझं निमंत्रण, पगाराचा दाखला, माझे अर्ज. जिथं माझी सही हवी, तिथं तू पेन्सिलीनं फुली मारलेली. तू फुली मारायचीस आणि मी डोळे झाकून सही करायची, हे आपलं किती वर्षांचं! अकराव्या कागदाशी ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, हा व्हिसाचा नाही हो बाई, घरावरचा तुमचा हक्क सोडून दिल्याचा आहे. मी म्हटलं, चुकून आला असेल. पण त्यावरही फुली होती, ढब्बू.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. गेल्या महिन्यात रंगकामाचा अंदाज घ्यायला म्हणून तू दोन माणसं पाठवलीस. मी वेडी, त्यांना चहा केला. त्यांनी भिंती मोजल्याच नाहीत, जमीन मोजली. जन्मभर मापं घेणाऱ्या बाईला हे तेव्हाच कळायला हवं होतं. तिकीटही तू एकाच बाजूचं काढलंस, परतीचं नंतर बघू म्हणालास. तिथं उतरल्यावर परतीचं तिकीट दाखवावं लागतं, हे तुला ठाऊक नाही होय?

राग आलाय, खूप आलाय. काल शिवताना सुई बोटात गेली तरी कळलं नाही. पण रागापेक्षा दुखलंय जास्त. घर हवं होतं तर मागायचंस रे. मी दिलंही असतं कदाचित, मी किती खुळी आहे ते तुला माहीत आहे. तू म्हणशील, इकडे माझ्याजवळच राहा. बायको तुझी गुणाची आहे, नाही ती म्हणायची नाही. पण पाहुणीचा व्हिसा नव्वद दिवसांचा असतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुझ्या ताईनं कुठं जायचं, याचा विचार केलास का?

पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला मला मुलाखतीला बोलावलंय. तो अधिकारी विचारेल, परत कशासाठी याल. माझ्याकडे एकच उत्तर आहे: इथं माझं घर आहे. मला खोटं बोलता येत नाही, लगेच चेहऱ्यावर दिसतं. म्हणून हे पत्र. तो कागद सही न करता सोबत परत पाठवतेय. हे सगळं दोनदा वाच, बायकोलाही वाचायला दे. मग सतरा तारखेच्या आत फोन करून एवढंच सांग, की मी त्याला देणार आहे ते उत्तर खरं आहे की नाही. नसेल तर मी त्या रांगेत उभीच राहणार नाही, आणि तुझ्या लेकीला तिची आत्या भेटायची नाही.

तुझीच, आणि अजून तरी याच घरातली,
ताई